काढून टाकलेल्या कॉर्ड

१८ फेब्रुवारी १९६९ रोजी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत माइल्स डेव्हिसने जो झाविनुलच्या ‘इन अ सायलेंट वे’ या रचनेतल्या बहुतेक कॉर्ड काढून टाकल्या. झाविनुल मूळचा व्हिएन्नाचा. ऑस्ट्रियात मेंढरं राखली, त्या दिवसांची आठवण या रचनेत आहे. डेव्हिसने खाली एकच स्वर धरून ठेवला आणि धून आधी जॉन मॅकलॉफलिनच्या गिटारवर सोपवली. झाविनुल त्याच खोलीत ऑर्गन वाजवत होता.

जॅझ फ्यूजनचा आरंभ सांगताना ही तबकडी हमखास पुढे येते. ती सुंदर आहे, आणि माझी अडचण तिथेच सुरू होते. निकाल सुंदर म्हणजे हक्क होताच, हा युक्तिवाद अनुवादकांच्या बैठकांत मी फार वेळा ऐकला आहे. वाक्य छाटलं, पण मराठीत कसं वाहतंय बघा! वाहतं, खरंच.

तंबोऱ्यावर वाढलेल्या माझ्या कानाला डेव्हिसचं रूप लगेच घरचं वाटतं. धरलेल्या स्वरावर धून फिरते, त्यात परकं काही नाही. झाविनुलच्या कॉर्डसाठी मात्र कानाला कष्ट पडतात. मग डेव्हिसच्या बाजूचा माझा कौल कितपत सौंदर्याला आणि कितपत माझ्या सोयीला? कन्नड कादंबरी मराठीत आणताना हाच मोह रोज होतो. अडखळवणारं काढलं की वाचक खूश.

(निर्माता टिओ मासेरोने पुढे सुरुवातीच्या भागाची फीत शेवटी पुन्हा जोडली, एकदा वाजवलेलं आपण दोनदा ऐकतो. त्याबद्दल तक्रार नाही. कुणाचं काही वजा झालं नाही.)

रचनाकार म्हणून झाविनुलचं नाव राहिलं. १९७१च्या ‘झाविनुल’ या तबकडीत त्याने तीच रचना आपल्या कॉर्डसह मांडली. डेव्हिस नसता तर तिच्यापर्यंत किती जण पोचले असते, हा प्रश्न रास्तच आहे. पण आज दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतात. माझ्या मराठी वाचकाला ती सोय नाही. मी देईन तेच त्याच्यासाठी मूळ. कादंबरीकार आता हयात नाहीत, ते दुसरी तबकडी काढणार नाहीत. म्हणून अकराव्या प्रकरणातली भाताच्या वाणांची पाऊण पानी यादी मी ठेवली आहे. संपादकांनी तिच्यावर दोनदा लाल रेघ मारली. तिसऱ्या मुद्रितातही ती आहे.