तयार माणूस कुठून येतो?

भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांच्या फाटकांवर पाट्या दिसतात : ‘टर्नर पाहिजे. अनुभव आवश्यक.’ आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला मुलगा ती वाचतो आणि पुढच्या फाटकाकडे वळतो. तिथेही तीच अट. तयार माणूस प्रत्येकाला हवा. त्याला तयार मात्र शेजाऱ्यानं करावं! हा प्रश्न मला नुसत्या व्यवहाराचा वाटत नाही. कधीकाळी कुणीतरी आपल्यालाही हाताला धरून शिकवलेलं असतं. ते ऋण आपण बुडवतो आहोत.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या कुंडल रोडच्या माळावर कारखाना वसवला, तेव्हा सोबत कोण होतं? शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे इंजिनिअर म्हणून घडले. दरोडेखोर म्हणून शिक्का बसलेल्या माणसांवर तर लक्ष्मणरावांनी चक्क किर्लोस्करवाडीची, म्हणजे कारखान्याभोवतीच्या वसाहतीची, राखण सोपवली, आणि ती माणसं विश्वासाला जागली. आजच्या पोलीस पडताळणीत त्यांना फाटकाच्या आत पाऊल टाकता आलं नसतं.

त्याआधी लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली, बेळगाव गाठलं. डावललेला माणूस पुढे खुर्चीवर बसला की तोच राग हाताखालच्यांवर काढतो, असं पुष्कळदा घडतं. लक्ष्मणरावांनी इतरांनी नाकारलेल्यांना जवळ केलं. त्यांची ही गोष्ट मला त्यांनी बनवलेल्या लोखंडी नांगराइतकीच मोठी वाटते.

‘शिकवलं की पोरं सोडून जातात,’ असं मालक म्हणतात. जातात, खरं आहे. चार पैसे जास्त मिळत असतील तर तो त्यांचा हक्कच आहे. पण लक्ष्मणराव मुंबईची नोकरी सोडून गेले ते आपल्या गुणांची इथे कदर नाही हे कळल्यावर. शिकवणं बंद करून अशी माणसं थांबत नाहीत.

तीस किंवा त्याहून अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अप्रेंटिस घ्यावेच लागतात. घेतले म्हणजे शिकवले असं मात्र होत नाही. वर्षभर माल उचलायला लावायचं, मशिनला हात लावू द्यायचा नाही आणि मुदत संपली की निरोप द्यायचा, असं जिथे चालतं तिथे त्या मुलाचं एक वर्ष चोरलेलं असतं.

शिकवायला वेळ लागतो, सुरुवातीचे जॉब रिजेक्ट होतात. जुना फिटर नवख्याजवळ थांबला तर त्याचं स्वतःचं उत्पादन घटतं. तो तोटा त्याच्याच इन्सेन्टिव्हमधून कापला जाणार असेल, तर त्यानं कशासाठी शिकवावं? म्हणून कारखानदारांकडे मागणं आहे : शिकवण्यात गेलेला तास कामाचाच धरा, त्याचा पूर्ण मोबदला द्या. आणि सुपरवायझरच्या बढतीचा विचार करताना, त्याच्या हाताखालून किती जण स्वतंत्रपणे मशिन चालवायला शिकले, हेही विचारा.