फुलांचं आसन

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, गुरुचरित्राचा सप्ताह आपल्यापैकी बहुतेकांनी केला असेल. चौथ्या दिवशी माहूरच्या ब्राह्मणाची कथा येते. क्षयाने खंगलेल्या नवऱ्याला सावित्री गाणगापूरला आणते, तिथे त्याचा प्राण जातो आणि गुरुमहाराज त्याला उठवतात. काही वर्षांपूर्वी मी सप्ताहाला बसलो तो या कथेवरच डोळा ठेवून. पत्नीचा कर्करोग यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टर म्हणाले होते, "काका, आता औषधाने आजार हटणार नाही, त्रास मात्र वाढेल." मला ते ऐकायचंच नव्हतं. जन्मभर बँकेत काढलेला माणूस मी. पारायणाचं डिपॉझिट ठेवलंय, आता महाराजांनी तिचं आयुष्य द्यावं, असा माझा हिशेब.

एका रात्री तिने माझा हात धरला. "अहो, आता सुया नकोत. दुखणं तेवढं थांबवा."

सातव्या दिवशी 51 वा अध्याय आला. महाराज गाणगापूर सोडून श्रीशैल्याला निघतात. शिष्य रडतात. महाराज त्यांना फुलांचं आसन करायला सांगतात. ते आसन केळीच्या पानांवर नदीत ठेवतात आणि महाराज त्यावर बसून निघून जातात. हा अध्याय मी कितीदा तरी वाचला होता, पण त्या दिवशी पोथीवरच अडखळलो. गुरूंना थांबवणं शिष्यांच्या हाती नव्हतं. आसन मऊ करणं होतं. मग मी काय करत होतो?

दोनच दिवसांनी मुलाला घेऊन भाईंदरहून लोकलने वांद्र्याला गेलो. तिथलं शांती अवेदना सदन 1986 साली डॉ. डिसूझा यांनी सुरू केलं. अशा रुग्णालयाला हॉस्पिस म्हणतात, आणि भारतातलं हे पहिलं. जिथे कर्करोगावर इलाज उरत नाही, अशा रुग्णांना ते घेतात, पैसे घेत नाहीत. आजाराशी झुंज नाही. वेदना, मळमळ, धाप, जखमा यांचा परिहार करायचा. सेवेला ख्रिस्ती सिस्टर. अवधूतांनी 24 गुरू केले, ते काय जात विचारून?

तिथे ती कित्येक आठवड्यांनी रात्रभर झोपली. नातेवाईक मात्र बोललेच, "घरच्या माणसाला टाकून आलात?" ते फार लागलं. पण टाकणं म्हणजे पाठ फिरवणं. मी तर तेव्हाच प्रथम तिच्या उशाशी निवांत बसलो. आधी सगळा वेळ रिपोर्ट, बिलं आणि रांगांत जात होता.

शेवटी तिचं खाणं सुटलं. मी पेजेचा चमचा घेऊन मागे लागलो. सिस्टर म्हणाल्या, "काका, शरीरच आता मागत नाही. ओठ ओले करा." मी कापसाने तीर्थ लावत राहिलो, तोंडाने नाम चालू. सोळाव्या दिवशी ती शांतपणे गेली.

महाराजांनी माझं ऐकलं नाही का? ऐकलं. मी मागितलं ते दिलं नाही, तिने मागितलं ते दिलं.

घरोघरी ही वेळ येते, म्हणून सांगतो. डॉक्टरांना वेळेवर विचारा, "यापुढच्या उपचाराने बरं वाटणार की नुसते दिवस वाढणार?" आणि आजारी माणसाला विचारा, त्याला काय हवंय. परळच्या टाटा रुग्णालयात वेदनाशमनाचा वेगळा विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. योग्य औषधं आणि मार्गदर्शन मिळालं तर घरीही अशी सेवा करता येते. आशा सोडू नका, पण ती कशाची धरायची ते बदला.

त्या दिवशी शिष्यांचे डोळे भरलेले होते, तरी हात फुलं मांडत होते. आपल्याकडून तेवढं घडो.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!