मागचा ॲक्सल आणि एक 'हो'

गाडी विकताना म्हाताऱ्या मालकांनी माझ्याकडे पैशांशिवाय एकच गोष्ट मागितली होती. हिच्यात काही बदलू नका. मी 'हो' म्हणालो. सह्या झाल्या, किल्ली हातात आली, त्यांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि आत निघून गेले. त्यांनी लावलेली किंमत बाजारभावापेक्षा कमी होती. फरक त्या 'हो'चा होता, हे मला तेव्हाही कळलं होतं.

गाडी 1971 ची एमजीबी रोडस्टर. मी इंग्लंडात मिडलंड्समध्ये राहतो, ही गाडी इथलीच, ॲबिंग्डनच्या कारखान्यातली. 1798 सीसीचं इंजिन, चार गिअर, आणि मागच्या ॲक्सलमध्ये 3.909 चं प्रमाण. म्हणजे इंजिनाकडून येणारा शाफ्ट जवळजवळ चार वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. गावरस्त्यावर याची मजा येते. चढावर गाडी कुरकुरत नाही, वळणातून बाहेर पडताना पटकन उचलते. पण मोटरवेवर ताशी 70 मैलांना इंजिन मिनिटाला 3900 फेरे घेतं आणि पाऊण तासानं कान बधिर होतात. एमजीबी 1962 मध्ये बाजारात आली तेव्हा एम1 चा पहिला मोठा टप्पा खुला होऊन तीनच वर्षं झाली होती. तासन् तास एकाच वेगानं जाणं हे तिच्या रोजच्या आयुष्यात नव्हतं. माझ्या आहे. परिणाम असा की दोन वर्षांत मी तिला जेमतेम तीनशे मैल चालवलं. वचन पाळलं जात होतं आणि गाडी गॅरेजमध्ये धूळ खात होती.

इथे मला पहिली शंका आली. जपणं म्हणजे न हलवणं का?

कारखान्यानंच 1973 मध्ये या गाडीच्या जीटी रूपात व्ही8 इंजिन बसवलं आणि तिच्या ॲक्सलला 3.07 चं प्रमाण दिलं. तसा एक जुना ॲक्सल मला मिळाला. त्यानं 70 मैलांचे 3900 फेरे साधारण 3070 वर येतात. फुकट काही मिळत नाही. चाकापर्यंत पोचणारा जोरही तेवढाच, म्हणजे एकवीस टक्क्यांनी घटतो. व्ही8 कडे जोर उतू जात होता, माझ्या इंजिनाकडे तो मोजकाच आहे. चढावर गाडी सुरू करताना क्लच आता रडतो. गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह जोडणं जास्त सभ्य ठरलं असतं, कारण तो त्या काळी जादा पैसे भरून कंपनीकडूनच मिळायचा. पण त्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही उतरवावे लागतात. ॲक्सल म्हणजे पाटे सोडवा, शाफ्ट काढा, ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची केबल काढा, झालं. तेव्हा मी तत्त्वानं निवड केली असं म्हणणार नाही. मी सोय पाहिली.

मग मी स्वतःला पटवायला बसलो, आणि या कामासाठी माणसाला साहित्य कधी कमी पडत नाही. पहिला आधार सरकारचा. बदललेली गाडी तीच राहिली का, हे ठरवायला इथल्या डीव्हीएलएनं वर्षानुवर्षं गुण दिले. ओळख टिकवायला किमान 8 गुण लागायचे. मूळ सांगाड्याला 5, सस्पेन्शनला 2, दोन्ही ॲक्सलना मिळून 2, गिअरबॉक्सला 2, स्टिअरिंगला 2. आणि ज्याला आपण सगळे गाडीचं काळीज म्हणतो त्या इंजिनाला फक्त 1! तत्त्वज्ञांनी दोन हजार वर्षं चघळलेला प्रश्न कुठल्याशा कारकुनानं एका कोष्टकात मिटवून टाकला याचं मला फार कौतुक वाटतं. त्या हिशेबात मी आरामात पास होतो.

दुसरा आधार विल्यम मॉरिसचा. जुन्या इमारतींना 'पूर्ववत' करण्याच्या नावाखाली त्यांचा इतिहास खरवडून काढतात म्हणून चिडून त्यानं 1877 मध्ये त्या जपणारी संस्था काढली. (एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, पण तो मॉरिस वेगळा. तोही विल्यमच.) आज वास्तू जपणारे लोक एक साधी कसोटी लावतात: जे कराल ते परत उलटवता येईल असं करा. मी जुना ॲक्सल उघडलासुद्धा नाही. तेलकट फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी बांधून फळीखाली ठेवलाय. एका दिवसात परत बसेल.

तो उघडला नाही याला आणखी एक कारण आहे. त्यातल्या पिनियनला 11 दात आहेत आणि क्राउन व्हीलला 43. दोन्ही मूळ संख्या. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीनं भेटतो, कुणाची जोडी कायमची ठरत नाही, आणि सगळे एकमेकांवर सारखे घासले जातात. म्हणून क्राउन-पिनियन नेहमी जोडीनंच बदलतात. एक जुना आणि एक नवा घातला की ओरड सुरू होते. पन्नास वर्षं एकमेकांना घासून गुळगुळीत झालेली ती जोडी मोडायला माझा हात धजेना. पण मग असंही वाटलं की दातांच्या बाबतीत इतका हळवा होणारा मी, शब्दाच्या बाबतीत सरळ कोष्टकं उघडून बसलोय.

कारण खरा मार्ग फारच सोपा होता. ते गृहस्थ हयात आहेत, चौदा मैलांवर राहतात, फोन उचलतात. विचारायचं होतं. मी विचारलं नाही, कारण ते 'नको' म्हणतील अशी भीती होती. 'हो' म्हणाले असते तर वचन उरलंच नसतं. 'नको' म्हणाले असते तर निदान मोडताना मला माहीत असतं की मी ते मोडतोय. मी तिसरी वाट धरली. न विचारता त्यांच्या वतीनं उत्तर दिलं आणि वर मॉरिसला साक्षीला उभं केलं.

गाडी आता सुरेख धावते. महिन्यात पाचशे मैल झाले. फक्त एक गोष्ट माझ्या हिशेबातून सुटली होती. वेगाचा काटा गिअरबॉक्सवरून चालतो, ॲक्सल बदलल्याची त्याला खबर नाही. त्यामुळे गाडी 70 नं जाते तेव्हा काटा 55 दाखवतो. मैलमोजणीही तितकीच मागे पडते. पाचशे मैल धावलो, आकड्यात चारशेसुद्धा चढले नाहीत. कागदावर मी गाडीला तरुण करतोय, आणि उद्या विकताना तो आकडा घेणाऱ्याला खरा वाटेल. मीटर दुरुस्तीला पाठवायचाय. तोवर मोबाइल डॅशबोर्डला चिकटवून त्यात वेग बघतो.

परवा त्यांचा फोन आला. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आता लांबचं स्पष्ट दिसतं म्हणाले. गाडी कशी आहे? एकदा मोटरवेवर चक्कर मारू या का, तिचा तो आवाज ऐकून बरेच दिवस झाले.

मी 'हो' म्हणालो. रविवारी अकराला त्यांना घ्यायला जायचंय. फळीखालचा ॲक्सल दोनदा बाहेर ओढून पाहिला, एकट्यानं उचलत नाही. आज गुरुवार आहे.