हिशेब उघडा हवा

जून महिना लागला की भाड्याच्या घरांतून एक जुना वाद दरवर्षी नव्याने डोके वर काढतो. छप्पर गळू लागते, भिंतीला ओल येते, मोरीची नळी फुटते. भाडेकरू म्हणतो, "दुरुस्ती मालकाने करावी, भाडे मग कशाचे घेतो?" मालक म्हणतो, "एवढ्याशा भाड्यात कौलेसुद्धा बदलून होत नाहीत." पुढे भाडेकरू भाडे थांबवतो, मालक पाणी तोडतो, आणि कालपर्यंत नाताळचा फराळ एकमेकांकडे पाठवणारी दोन कुटुंबे एकाच मंदिरात दोन टोकांना बसू लागतात.

या वादात आपला समाज एकाच बाजूला नाही. गिरगाव, माझगाव, भायखळा येथील चाळींत आपली कितीतरी कुटुंबे पागडीने राहत आली. तर वसईकडे वाडीच्या कडेला चार खोल्या बांधून त्या भाड्याने देणारेही आपलेच आहेत. एकाच घरातला थोरला भाऊ भाडेकरू आणि धाकटा घरमालक, असेही आढळते. म्हणून हा प्रश्न 'ते विरुद्ध आपण' असा मांडता येत नाही. त्याच्या मुळाशी जो नैतिक प्रश्न आहे तो असा: दुसऱ्याने आपले कर्तव्य टाळले, तर माझे कर्तव्य संपते काय?

प्रथम मालकीचा विचार करू. लेवीयाच्या पुस्तकातील पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर इस्राएल लोकांना बजावतो की, जमीन त्याची आहे आणि ते तिच्यावर उपरे म्हणून राहत आहेत. म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे, तोही देवाच्या दृष्टीने भाडेकरूच. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच विचार तर्काने मांडला. वस्तूंची व्यवस्था पाहण्यासाठी खाजगी मालकी योग्य आहे. परंतु त्यांचा उपयोग करताना माणसाने त्या सर्वांच्या आहेत असे समजावे, गरजवंताला त्यात सहज वाटा द्यावा. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली या शिकवणीचा पुनरुच्चार केला. मालकी हा हक्क आहे खरा, पण तो सांभाळण्याची जबाबदारी अंगावर घेऊनच येतो.

ही जबाबदारी किती बारीकसारीक असावी, हे जुन्या करारात पाहावे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, नाहीतर कोणी पडून मेल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा नियम अनुवादाच्या पुस्तकात आहे. त्याच पुस्तकात सावकाराला सांगितले आहे की, तारण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे. देणे बाकी असलेल्या माणसाच्या उंबरठ्यालाही प्रतिष्ठा आहे. भाडे थकले म्हणून भाडेकरूचे कुलूप फोडणाऱ्याने किंवा त्याचे सामान रस्त्यावर टाकणाऱ्याने हे वचन वाचावे.

परंतु शास्त्र केवळ मालकालाच बोल लावते असे नाही. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील कुळे मळा कसण्यास घेतात, आणि पुढे मळाच आपला समजून धन्याच्या पुत्राचा जीव घेतात. त्या दाखल्याचा रोख धर्मपुढाऱ्यांवर आहे हे खरे. तरीही वापरण्यास मिळालेली वस्तू हळूहळू स्वतःचीच वाटू लागणे, हा मानवी स्वभाव त्यात उघड दिसतो. बोरिवलीला किंवा वसईला स्वतःचे घर घेतल्यावरही मुंबईतील जुनी खोली वर्षानुवर्षे कुलूप लावून अडवून ठेवणाऱ्यांनी तो दाखला स्वतःला लावून पाहावा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नीतिशास्त्रात 'गुप्त भरपाई' नावाचा एक विषय सेमिनरीत शिकवला जातो. कोणी माझे न्याय्य देणे देत नसेल, तर त्याला न कळवता मी ते परस्पर वसूल करावे काय? घरच्या नोकरांना पगार कमी वाटला तर त्यांनी धन्याच्या वस्तू गुपचूप घेऊन भरपाई करावी, असे मत काही पंडित मांडत होते. पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ साली ते मत त्याज्य ठरवले. पुढील नीतिशास्त्रज्ञांनी अगदी कडक अटींवरच अशा वसुलीला वाव ठेवला: देणे निःसंशय असावे, ते मिळवण्याचा दुसरा मार्ग नसावा, देण्याहून जास्त घेऊ नये आणि तिसऱ्या कोणाचे नुकसान होऊ नये. कारण उघड आहे. गुप्त भरपाईत फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच माणूस असतो, आणि स्वतःच्या खटल्यात स्वतःला तोटा होईल असा निकाल सहसा कोणी देत नाही.

भाड्याच्या घरात ही गुप्त भरपाई अनेक रूपांनी वावरते. खोल्यांना पोटमीटर बसवून वीज कंपनीच्या दराहून जास्त दराने युनिटचे पैसे घेणारा मालक मनाशी म्हणतो, "भाडे कमी आहे, ते असे भरून काढतो." पाण्याच्या टँकरचा सारा खर्च परप्रांतीय भाडेकरूंवर टाकताना, स्वतःच्या घरी किती पाणी गेले हे तो मोजत नाही. खोली सोडताना रंगाचे कारण सांगून अनामत रक्कम गिळली जाते. दुसरीकडे भाडेकरू शेवटच्या तीन महिन्यांचे वीजबिल न भरता निघून जातो, मीटरला हात लावतो, किंवा नळ दुरुस्त करायला दोनशे रुपये लागले असता हजार सांगतो. प्रत्येकाला आपण न्यायच करत आहोत असे वाटते. असा हिशेब अंधारात ठेवावा लागतो, यातच तो संशयास्पद असल्याचे कळते.

या बाबतीत आपल्या राज्याचा कायदा नीतिशास्त्राशी बराच जुळतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ साली झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाडेकरूने वेगळे कबूल केले नसेल तर जागा राहण्यायोग्य ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, असे त्याचे १४ वे कलम सांगते. मालकाने दुर्लक्ष केल्यास भाडेकरूने निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, वाजवी काळ थांबावे, मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नसावी. म्हणजे भरपाईला मनाई नाही. ती सांगून, मापून आणि मर्यादेत करावयाची आहे. तसेच सबळ कारणाशिवाय पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी मालकाला तोडता येत नाहीत. अकरा महिन्यांच्या परवाना कराराने राहणाऱ्यांच्या बाबतीत मात्र दुरुस्ती व बिले यांविषयी करारात काय लिहिले आहे याला फार महत्त्व येते. म्हणून तो करार न वाचता सही करू नये.

तरीही कायदा जिथे थांबतो तिथून पुढे सद्सद्विवेकाला चालावे लागते. १९४७ च्या जुन्या कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. ही गोठवणूक आता अवाजवी झाली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. समजा, एका खोलीचे भाडे महिना शंभर रुपये आहे. वर्षाचे झाले बाराशे, आणि चौथा हिस्सा तीनशे. तीनशे रुपयांत गच्चीची गळती थांबत नाही. आणि अशा दहा खोल्यांचे बारा हजार घेणाऱ्या मालकालाही ती थांबवणे अवघड. इथे भाडेकरूने "कायद्याने माझ्यावर बंधन नाही" असे म्हणणे कायद्याला धरून असेल, न्यायाला धरून असेलच असे नाही. ज्याला अल्प भाड्याचा लाभ पिढ्यान्‌पिढ्या मिळाला, त्याने दुरुस्तीत ऐपतीप्रमाणे वाटा उचलणे हा उपकार नव्हे. आणि पुनर्विकासाच्या आशेने इमारत मुद्दाम जीर्ण होऊ देणाऱ्या मालकाला कमी भाड्याची सबब सांगता येत नाही. दोघांच्या हट्टात तिसऱ्याचा जीव जातो. २०१७ साली भेंडी बाजारातील हुसैनी ही जीर्ण इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. कोसळणारी भिंत कोणाची बाजू खरी होती हे विचारत नाही. तिच्याखाली लहान मुलेही सापडतात.

मग वाद मिटवावा कसा? संत मत्तयच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात प्रभू येशूने पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी एकट्याने जाऊन बोलावे, मग एकदोन साक्षीदारांना घेऊन, आणि त्यानंतरच मंडळीपुढे. आपण बहुधा उलट चालतो; आधी गावभर बोलतो, मग वकील गाठतो, आणि प्रत्यक्ष भेटतो ते न्यायालयाच्या पायरीवर. धर्मगुरूने निकाल द्यावा अशीही अपेक्षा असते. वतनाची वाटणी करून द्या म्हणणाऱ्याला प्रभूने नकार दिला होता, हे धर्मगुरूंनीही विसरू नये. दोघांना एका टेबलाशी बसवणे एवढे मात्र आम्ही जरूर करू शकतो.

त्या टेबलावर काय असावे? लेखी आणि नोंदवलेला करार. भाड्याची पावती, जी देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. वीज कंपनीचे मूळ बिल. दोघांनी मिळून घेतलेले मीटरचे आकडे. खोली ताब्यात देताना काढलेली छायाचित्रे. दुरुस्तीच्या खर्चाची चिठ्ठी. हे कागद अविश्वासाचे लक्षण आहेत असे अनेकांना वाटते. वस्तुतः शेजाऱ्याला माझ्याविषयी वाईट विचार करण्याच्या मोहापासून वाचवणारी ती एक सेवा आहे.

शेवटी एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. प्रायश्चित्त संस्कारात चोरीची क्षमा मागणाऱ्याने अन्यायाने घेतलेले शक्य तितके परत करावे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. जक्कयाने चौपट परत करण्याची तयारी दाखवली. आपल्याकडून चौपटीची अपेक्षा नाही. येत्या प्रायश्चित्तकाळात गेल्या वर्षाची बिले एकदा काढून बघावीत. दोन युनिटे जास्त लावली असतील तर तेवढे पैसे परत द्यावेत. दोन महिन्यांचे भाडे बुडवले असेल तर ते पोचते करावे. आणि ते पाकिटातून गुपचूप सरकवू नये. कशाचे आहेत ते सांगून द्यावेत.