देवाच्या नावाची जमीन

मराठवाड्यातील जमिनीच्या नियमांत होत असलेल्या बदलांची चर्चा बहुधा बाजारभाव, नजराणा आणि बांधकामाची परवानगी या शब्दांत चालते. परंतु त्या बदलांच्या मुळाशी धर्मविचारातील एक जुना प्रश्न आहे. देवाला जमीन दिली जाते तेव्हा नेमके काय दिले जाते, आणि कोणाला, हा तो प्रश्न होय.

परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राजवटीतील इनामांपैकी दोन प्रकार आजही महसुली दप्तरात जिवंत आहेत. मदतमाश म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा घराण्याच्या निर्वाहासाठी दिलेली जमीन, तर खिदमतमाश म्हणजे देवालय, मठ, मशीद किंवा दर्गा यांची सेवा अखंड चालावी म्हणून दिलेली जमीन. हैदराबाद राज्याने 1954 मध्ये इनामे रद्द करणारा कायदा केला, पण धार्मिक संस्थांची इनामे त्यातून वगळली. पुढे दोन्ही प्रकारच्या जमिनी भोगवटादार वर्ग दोनमध्ये राहिल्या, म्हणजे जमीन कसणाऱ्याला किंवा सांभाळणाऱ्याला ती सरकारी परवानगीवाचून विकता येत नाही आणि तिचा वापरही बदलता येत नाही. महाराष्ट्र राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मराठवाड्यातील अशा जमिनी वर्ग एकमध्ये, म्हणजे निर्बंधमुक्त भोगवट्यात, आणण्याचा निर्णय घेतला. त्यानुसार मदतमाश जमिनींचा नजराणा, म्हणजे या बदलासाठी भरायची रक्कम, बाजारमूल्याच्या 50 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर येतो; खिदमतमाश जमिनींसाठी मात्र पूर्ण 100 टक्के नजराणा घेऊन त्यातील 40 टक्के देवस्थानाच्या देखभालीसाठी, 20 टक्के अर्चकासाठी आणि 40 टक्के शासनासाठी ठेवायचे आहेत.

या वाटणीत एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की जमिनीच्या जागी रक्कम ठेवली तरी दान तेच राहते. ते तपासायचे तर आधी देव मालक असू शकतो का, हे पाहावे लागते. आधुनिक न्यायालये देवमूर्तीला विधिजन्य व्यक्ती मानतात. 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका बंगाली घराण्याच्या खटल्यात हे तत्त्व ठामपणे मांडले, आणि देव कायद्याच्या दृष्टीने सदैव अज्ञान, म्हणजे अल्पवयीन असल्याने, त्याच्या वतीने दुसऱ्याला बोलावे लागते. मीमांसा, म्हणजे वैदिक कर्मांचा अर्थ लावणारे शास्त्र, याच्या अगदी उलट भूमिका घेते. मीमांसासूत्रांचे भाष्यकार शबरस्वामी यांच्या मते देवाचे गाव, देवाचे शेत हे प्रयोग केवळ औपचारिक आहेत, कारण आपल्या इच्छेनुसार विनियोग करणारा तो मालक, आणि देव तसा विनियोग करताना दिसत नाही. त्याच सूत्रांच्या सहाव्या अध्यायात सर्वस्व दान करायला लावणाऱ्या विश्वजित् यज्ञाची चर्चा आहे आणि तिथे भूमीचे दान करता येत नाही असा निर्णय दिला आहे, कारण पृथ्वी सर्वांना सारखीच आहे. राजाचा अधिकार तिच्या रक्षणापुरता आणि त्याबदल्यातील भागापुरता असतो.

या दोन विचारांपैकी मीमांसकांचा विचार आजच्या प्रश्नाला अधिक उजेड देतो. देव मालक नसेल तर जमीन बेवारस होत नाही. उलट दानाचे सारे वजन दात्याने नेमून दिलेल्या कर्मावर, म्हणजे दिवाबत्ती, नैवेद्य, अन्नदान आणि वाटसरूच्या मुक्कामावर येते. वक्फमध्येही हाच गाभा आहे: मूळ वस्तू अल्लाहच्या नावे स्थिर ठेवायची, ती विकायची नाही, वारशाने वाटायची नाही, आणि तिचे उत्पन्न तेवढे लोककल्याणाला लावायचे. यादव-शिलाहार काळातील गद्धेगाळ, म्हणजे दान हिरावणाऱ्याला शाप देणारे शिल्पांकित दगड, पाहिले तर त्यांचा रोख मातीच्या मालकीपेक्षा तिच्यावर चालणारी सेवा तोडण्यावर आहे, असे म्हणता येते.

तरीही पृथ्वी सर्वांची हे तत्त्व केवळ देवस्थानाच्या बाजूने उभे राहत नाही. शहराच्या कडेला अशा जमिनींवर बॉण्डपेपरवर गुंठ्यागुंठ्याने भूखंड घेऊन ज्यांनी घरे बांधली, त्या कुटुंबांचाही त्या भूमीवर माणूस म्हणून हक्क पोहोचतो, आणि त्यांना कायमच अतिक्रमक ठरवत राहणे हा धर्म होऊ शकत नाही. अशा घरांखालची जमीन निर्बंधमुक्त करणे न्याय्य आहे. मोकळ्या शेताचे ले-आउट पाडण्यासाठी तीच सवलत वापरणे मात्र वेगळी गोष्ट आहे, कारण दरवर्षी पिकणारे शेत पिढ्यान्‌पिढ्या नैवेद्य पुरवते, तर एकदाच मिळालेली रक्कम अक्षय निधी म्हणून बांधून ठेवली नाही तर एका सभामंडपात संपून जाते.

विकास योजनेतील विभागरचनेचाही, म्हणजे कोणती जमीन शेतीची आणि कोणती रहिवासाची हे ठरवणाऱ्या नकाशाचाही, इथे संबंध येतो. परभणीच्या हजरत तुराबुल हक दर्ग्याच्या फेब्रुवारीतील उरुसाला सर्व धर्मांचे लोक जमतात, गंगाखेडला संत जनाबाईंच्या गावी भाविक गोदावरीकाठी उतरतात. वर्षातले काही दिवस माणसांनी भरणारी अशी मैदाने नकाशात रिकामी दिसतात, पण सेवेच्या अर्थाने ती कधीच रिकामी नसतात.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार मंजूर योजनेत फेरबदल करताना नागरिकांकडून महिनाभरात हरकती व सूचना मागवाव्या लागतात. सदैव अज्ञान असलेल्या देवाच्या वतीने ही हरकत कोण घेणार? सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये पुजारी हा जमिनीचा मालक नसून केवळ व्यवस्थापक असल्याचे स्पष्ट केले आहे. पण ज्या अर्चकाला विक्रीयोग्य झालेल्या जमिनीच्या नजराण्यातून 20 टक्के मिळणार आहेत, त्याच्याकडेच ते काम सोपवणे उचित नव्हे. गावच्या ग्रामसभेला, जिथे त्या अन्नदानाच्या पंगतीला बसणारी माणसेही असतात, हा अधिकार देणे दात्याच्या हेतूला अधिक धरून होईल.