हॅरिसनची हरकत

१७३७ च्या जूनमध्ये लंडनला एक बैठक भरली. आरमारी अधिकारी आणि खगोलशास्त्रज्ञ जॉन हॅरिसन नावाच्या सुतारपुत्रावर खूश होते. भर समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम नेमकं कुठे आहे हे कळायचं, तर निघालेल्या बंदरात आत्ता किती वाजले ते ठाऊक हवं. पृथ्वी ४ मिनिटांत एक अंश फिरते. घड्याळ तेवढं चुकलं, की विषुववृत्ताजवळ जहाजाचा हिशेब १११ किलोमीटरने फसतो. लंबकाची घड्याळं तर डोलत्या जहाजावर टिकतच नसत. यावर उपाय शोधणाऱ्याला ब्रिटिश पार्लमेंटने २०,००० पौंडांचं इनाम लावलं होतं, आणि हॅरिसनचं ३४ किलोचं घड्याळ नुकतंच लिस्बनची सफर करून आलं होतं.

इनाम ठरवणाऱ्या या बैठकीतल्या मंडळाला त्यात खोट दिसली नाही. हॅरिसनला दिसली. इनामासाठी वेस्ट इंडीजची सफर मागायची सोडून तो म्हणाला, याहून चांगलं करता येईल, ५०० पौंड द्या.

दुसरं घड्याळ झालं. जहाज वळलं की त्याची चाल बिघडेल हे त्याचं त्यालाच उमगलं आणि त्याने ते समुद्रावर जाऊच दिलं नाही. तिसऱ्यावर तर १९ वर्षं गेली. तेवढ्यात, स्वतःसाठी बनवून घेतलेलं खिशातलं घड्याळच फार नेमकं चालतंय, हे त्याच्या ध्यानात आलं. वय साठीचं, उमेद मोठ्या यंत्रांत खर्ची पडलेली. तरीही गडी वळला. चौथं घड्याळ जेमतेम बशीएवढं झालं. १७६१ साली मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांत ते ५ सेकंदच मागे पडलं.

पुढे मंडळाने त्याला इनामासाठी फार रखडवलं. त्याची गोष्ट सांगतात ती बहुधा या अन्यायाचीच, आणि ती खरीही आहे. मला मात्र बैठकीतला हॅरिसन अधिक मोठा वाटतो. आपली चूक दुसऱ्याने दाखवली तर आपण कुरकुरत मान्य करतो. समोरचा शाबासकी देत असताना ती स्वतःहून कोण काढतो?

त्याने स्वतः नापास केलेली पहिली तीन घड्याळं ग्रिनिचला आजही चालतात. चौथं मात्र मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, कारण त्याला तेल लागतं आणि चालवलं तर ते झिजेल.