यादीतली एक रिकामी ओळ

मार्गशीर्ष लागला की आमच्या घरी दोन गोष्टी हाताशी येतात. एक गुरुचरित्राची पोथी आणि दुसरी माझी वही. पोथी वडिलांच्या वेळची. वही माझ्या नोकरीची देणगी. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळता सांभाळता जी सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. सकाळी चहा झाला की वहीत त्या दिवसाची कामं लिहायची आणि एकेक झालं की पुढे खूण करायची. सौ. थट्टेनं म्हणते, "यांनी श्वास घेतला तरी वहीत नोंद होईल!" तिची स्वतःची यादी असते भिंतीवरच्या कॅलेंडरवर. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, कुणाच्या घरचं हळदीकुंकू.

या वहीला मी नावं ठेवणार नाही. आपल्या वयात तिचा आधार मोठा असतो. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा, रक्तदाबाची गोळी संपण्याआधी आणायची, लाइट बिलाची तारीख चुकवायची नाही. हे सगळं डोक्यात घोळवत बसलं तर जपाला बसल्यावर नेमकं तेच आठवतं. माळ हातात आणि मन बँकेच्या रांगेत!

याला शास्त्राचाही दुजोरा आहे. ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने बर्लिनमध्ये केलेले प्रयोग १९२७ साली प्रसिद्ध झाले. पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा मध्येच थांबवलेली कामं माणसाच्या जास्त लक्षात राहतात, असं तिला त्यात दिसलं. अलीकडे २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५७ तरुणांपैकी निम्म्यांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढे करायची कामं लिहायला सांगितली, निम्म्यांना झालेली कामं. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. म्हणजे झालेल्याचा हिशेब मांडण्यापेक्षा उरलेलं कागदावर उतरवून ठेवण्यानं मन हलकं होतं. मीही अलीकडे यादी आदल्या रात्रीच लिहितो. नुसतं 'बँक' असं लिहीत नाही, 'बँकेत जाऊन पासबुक भरून आणणे' असं लिहितो. काय करायचं ते नेमकं ठरलं की मन ते सोडून देतं.

पण याच वहीनं मला एकदा खाली मान घालायला लावली. ते आज मोकळेपणानं सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्ताहाचा पाचवा दिवस होता. आपल्याला ठाऊकच आहे, सात दिवसांच्या वाचनात त्या दिवशी छत्तीस ते अडतीस असे तीनच अध्याय येतात, कारण छत्तिसावा फार मोठा. वहीत त्या दिवशी बारा कामं होती. वाचन झालं, नैवेद्य झाला, आरती झाली. जेवून उठलो तोवर आठ खुणा झाल्या होत्या. मनाशी म्हटलं, आज बाराच्या बारा होणार!

एवढ्यात माझा कचेरीतला एक जुना सहकारी दारात उभा. "काय भाऊ, आहेस का घरात?" मी बसायला दिलं, प्रसाद दिला. तो बसून राहिला. हवापाण्याचं बोलला, पेन्शनीचं बोलला आणि गप्प झाला. माझं लक्ष घड्याळाकडे. फुलवाल्याकडे जायचं होतं, मंडपवाल्याला पैसे द्यायचे होते. शेवटी मीच म्हटलं, "अरे, सप्ताहाची गडबड आहे. पौर्णिमा झाली की निवांत ये. पोटभर बोलू." तो "हो हो, कर तू तुझं" म्हणत उठला.

त्या रात्री बारा खुणा झाल्या. मी समाधानानं झोपलो.

पौर्णिमेनंतर दुसऱ्याकडून कळलं. त्या दुपारी त्याच्या बायकोच्या तपासणीचा रिपोर्ट मिळायचा होता आणि तो आणायला एकट्यानं जायचं त्याला धाडस होत नव्हतं. तेवढ्यासाठी तो माझ्याकडे आला होता. मी तसाच त्याच्या घरी गेलो. म्हटलं, "अरे, बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "तू कामात होतास." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तोच मला जास्त लागला. वहिनींचे उपचार पुढे वर्षभर चालले, आज त्या बऱ्या आहेत. पण त्या दुपारी तो जिन्यावरून एकटाच उतरला, हे काही पुसता येत नाही.

आणि त्या दिवशी सकाळी मी वाचलं काय होतं? गृहस्थाचा आचारधर्म. आणि अडतिसावा अध्याय, भास्कर ब्राह्मणाचा. तिघांपुरता शिधा घेऊन आलेला तो गरीब माणूस. गुरुकृपेनं त्याच शिध्यात चार हजार माणसं जेवली. ते वाचताना माझे डोळे भरून आले होते. आणि तासाभरात दारी आलेल्या एका माणसाला अर्धा तास वाढताना माझा हात आखडला. अध्यायापुढे खूण झाली होती, अध्याय मात्र माझ्यापर्यंत पोचला नव्हता.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. काम पुरं होणं आणि कर्तव्य पुरं होणं, ही एकच गोष्ट आहे का? यादीत आपण लिहितो ते आपल्याला आधी सुचलेलं असतं. पण ज्याच्या येण्याला तिथी नाही, त्यालाच तर आपण अतिथी म्हणतो. तो यादीत येणार कसा? दत्तमहाराजांचीही दिनचर्या परंपरेनं सांगितली आहे. काशीत स्नान, कोल्हापुरी भिक्षा, माहुरी निद्रा. म्हणजे नेम त्यांनाही आहे. पण भिक्षेच्या वेळी ते कुणाच्या दारी, कोणत्या रूपात उभे राहतील, हे कुठे लिहून ठेवलेलं आहे? नेम आपण पाळायचा आणि दारही उघडं ठेवायचं, दोन्ही आपल्याकडेच आहे.

कुणी म्हणेल, असं ज्याला त्याला वेळ देत बसलं तर नेम राहील कसा? शंका खरी आहे. वाचन चालू असताना आसनावरून उठू नये, हे मीही पाळतो. पण त्या दिवशी वाचन संपलं होतं. मला अडवलं ते नेमानं नव्हे, बारा खुणांच्या हावेनं.

म्हणून वही सोडली नाही, तिची रीत बदलली. आता दिवसाला पाचच कामं लिहितो. एखादं काम तीनदा पुढे ढकललं गेलं की चौथ्या दिवशी ते सकाळीच करतो, नाहीतर सरळ खोडतो. आणि पाच कामांच्या खाली एक ओळ रिकामी सोडतो. ती जो येईल त्याची. कधी शेजारच्या आजींचं औषध, कधी नातवाचं गणित. कधी ती कोरीच राहते, तरी चालतं.

सप्ताहाला आपण संकल्पानं बसतो आणि शेवटी सगळं महाराजांच्या चरणी अर्पण करतो. मला वाटतं, रोजच्या दिवसालाही तेच लागू आहे. सकाळची यादी हा संकल्प. रात्री वही मिटताना झालेलं अर्पण करायचं आणि न झालेलंही. झाल्याचा ताठा नको आणि राहिल्याची रुखरुख नको.

यंदाही सप्ताहाच्या पाचव्या दिवशी दुपारी तो यायचा आहे. मीच बोलावलंय, दोघांनाही, प्रसादाला. सौ.नं ते कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. माझ्या वहीत मात्र त्या दिवशीही एक ओळ रिकामीच राहील.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥